बैल काढला की मालक जातो

६ मार्च, गुरुवार

ठोंबरेवाडीच्या बैलगाडा शर्यत कमिटीचं काम मिळालं. १३ एप्रिलला जत्रा आणि शर्यत. तोवर बैल, मालक आणि टोकन यांची यादी मोबाइलवर आणायची. पुण्याच्या कंपनीने जानेवारीत आमची अख्खी टीम कमी केली. त्यानंतरचं हे पहिलं काम, आणि एकटीचं असंही पहिलंच. नीट झालं तर आणखी अकरा गावं घेतील, असं कमिटीचे चेअरमन सीतारामभाऊ म्हणाले. अकरा हा आकडा कुठून आला ते मी विचारलं नाही.

बैठक देवळाच्या मंडपात. चहा आला. माझा रोजा आहे हे कळल्यावर भाऊंनी आपला कप पाठीमागे नेला आणि तासभर तसाच धरून ठेवला. मी म्हटलं, प्या, मला त्रास नाही.

"न्हाई म्याडम. तुमी उपाशी आन् आमी भुरके मारायचे?"

तो चहा शेवटी कोणी प्यायला ते कळलं नाही.

मी विचारलं, शर्यतीत भाग कोण घेतं?

"बैल," सगळे एकदम म्हणाले.

"आणि मालक?"

"मालक बैलाबरबर येतो," सेक्रेटरी तुषार म्हणाला. "बैल नावाजलेला असला तर मालकाला वळखत्यात. न्हाईतर कोन इचारतंय?"

नोंद केली: मुख्य वस्तू बैल. मालक हा बैलाचा भाग.

९ मार्च, रविवार

ओआरएम वापरायचं ठरवलं. इफ्तारनंतर अब्बांनी विचारलं, ते काय असतं. अब्बा नालबंद आहेत. पूर्वी मावळातल्या बैलांना पत्र्या मारायचे. आता बहुतेक लोणावळ्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांना नाल ठोकतात.

सांगितलं ते असं. डेटाबेसमध्ये सगळं तक्त्यांत असतं, ओळी आणि रकाने. प्रोग्राममध्ये मात्र मला बैल हा अख्खा बैल म्हणून हवा असतो, नाव, वय, मालक, सगळ्यासकट. ओआरएम हा मधला माणूस. मी म्हणते, हा बैल ठेव. तो त्याचे तुकडे करून योग्य त्या तक्त्यांत ठेवतो. परत मागितला की जोडून देतो. तक्त्यांची भाषा मला बोलावी लागत नाही.

"म्हणजे हेडी," अब्बा म्हणाले.

गुरांच्या बाजारातला हेडी, म्हणजे दलाल, रुमालाखाली एकाची बोटं दाबतो, मग दुसऱ्याची. वर फक्त 'दिला' एवढं ऐकू येतं. रुमालाखाली नक्की काय ठरलं ते त्या हेड्यालाच माहीत.

"मग लोक त्याच्याकडे जातात कशाला?"

"सोपं पडतं."

अडीच महिन्यांचं काम या पद्धतीने पाच आठवड्यांत होतं, हे खरं आहे. मधला माणूस काय बोलतो ते बघायचं ठरवलं तर बघताही येतं. सहसा कोणी बघत नाही.

१५ मार्च, शनिवार

यादीत ९७ बैल, ११९ मालक. बैलांपेक्षा मालक जास्त, कारण बहुतेक बैल भागीत आहेत. एकाचा निम्मा, दुसऱ्याचा पाव, उरलेला पाव मेव्हण्याचा. तोच मेव्हणा आणखी तिसऱ्या बैलात आठवा भाग धरून. कोणाचा कोणता भाग, असं तुषारला विचारलं. म्हणाला, "ते पळताना बगायचं नसतं."

नियम कमिटीकडून लिहून घेतला: बैलाशिवाय मालक यादीत नको, आणि मालकाशिवाय बैलही नको. दोन्ही बाजूंनी एकेक ओळ घातली. बैल काढला की त्याचे मालक आपोआप निघतात. मालक निघाला की त्याचे बैल. मधला माणूस सगळं स्वतः बघतो. मला एकही ओळ जास्त लिहावी लागली नाही. समाधान वाटलं.

तुषारची तक्रार: यादी उघडायला पाऊण मिनिट लागतं. मधला माणूस काय बोलतो ते पहिल्यांदाच उघडून पाहिलं. यादी मागितली की तो आधी एक प्रश्न विचारतो, सगळे बैल कोणते? मग प्रत्येक बैलासाठी वेगळा, याचे मालक कोण? मग प्रत्येक मालकासाठी, याचं गाव कोणतं? एकूण २१७ प्रश्न, एका यादीसाठी.

तुषार म्हणाला, "म्हंजे लग्नाची पंगत बसलीया आन् आच्यारी एकेका पानापुढं जाऊन इचारतोय, भात वाढू का? मग आत जाऊन तेवडाच भात शिजवून आनतोय."

वर्णन अचूक आहे. सगळं एकदम मागायला लावलं. आता तीन प्रश्न.

१८ मार्च, मंगळवार

बैलांचे फोटो काढायला कुरवंड्याला गेले. धोंडिबाआबांचा बैल, नाव वकील, वय सोळा. डॉक्टरांनी पळायचा दाखला दिलाय, पण याच वर्षापुरता. पुढच्या वर्षी मिळणार नाही, असं तोंडी सांगितलंय.

आबा नवा सदरा घालून बैलाशेजारी उभे राहिले. मी म्हटलं, फोटो फक्त बैलाचा हवाय.

"आगं घे की त्याचाबी," त्यांच्या पत्नी, सावित्रामावशी, म्हणाल्या. "सकाळधरनं दोनदा दाडी केलीया. लग्नात येकदाच केल्ती."

"तू गप," आबा म्हणाले. मग मला म्हणाले, "पोरी, नाव लिव्हताना आदी त्याचं लिव्ह. मंग माजं. औंदा शेवटचं पळनार हाय. उगा त्याच्या म्होरं माजं नको."

मी सांगितलं, रचना तशीच आहे.

नियमानुसार फोटो फक्त बैलाचा ठेवला. कडेला सदऱ्याची एक बाही आली आहे. ती कापायची राहिली.

२५ मार्च, मंगळवार

तुषारने आज एक लंगडणारा बैल यादीतून काढला. त्याबरोबर त्याचे एकटे मालकही गेले. त्यांच्या नावावर गाड्यापुढे पळणारा घोडाही होता, तो पोरका झाला. नोंदणी चालू असल्याने त्यांना परत घातलं.

दोष माझा. बैल आजारी पडला म्हणून माणूस काढणं योग्य नाही. कमिटीला तसं सांगितलं, आणि दोन दिवसांत दुरुस्त करते म्हटलं.

"घाई कशाला?" सीतारामभाऊ म्हणाले. "चाललंय ते चालू द्या. जत्रा तोंडाव आलीया, आन् मशीन उगा खोलून बसायचं?"

हे तत्त्वतः बरोबर आहे. चालू व्यवस्थेत ऐन वेळी बदल करू नयेत. चेअरमनना हे समजतं याचं आश्चर्य वाटलं. त्यांनी बारीक प्रश्नही विचारले: काढायचा अधिकार कोणाकोणाला? (कमिटीच्या तिघांना.) काढल्यावर मालकाला कळतं का? (संदेश जातो.) बैल भागीतला असला तर? यावर मी म्हटलं, तेही मालकच. खोलात गेले नाही.

३१ मार्च, सोमवार

ईद. दुपारी सीतारामभाऊ शीरखुर्मा खायला आले. दोन वाट्या घेतल्या. तिसरी अब्बांनी बळेच वाढली.

भाऊंना तांत्रिक विषयात खरोखर रस आहे. आज म्हणाले, "समजा म्याडम, समजा हां, येकादा बैल निगाला आन् मालकबी गेला. मंग त्या मालकाला परत घालता येतंय?"

"नोंदणीची मुदत संपली नसेल तर."

"कदी संपती?"

"चार एप्रिल, संध्याकाळी सहा."

"आस्सं," म्हणाले, आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहून घेतलं.

ते गेल्यावर अब्बा म्हणाले, "याचा मागल्या साली धोंडिबानं पार कचरा केला होता घाटात. अकरा पॉइंटनं हरवलं." घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी, आणि अकरा पॉइंट म्हणजे सेकंदाचे अकरा शतांश. हे मला का सांगितलं, कळलं नाही. त्यांना शर्यतीच्या गोष्टी सांगायला आवडतात.

५ एप्रिल, शनिवार

घटनाक्रम, सर्व्हरच्या नोंदींप्रमाणे.

टोकनच्या चिठ्ठ्या काढायची बैठक, मंडपात, सकाळी दहा. पळण्याचा अनुक्रम सॉफ्टवेअर लावू शकतं. कमिटीला चिठ्ठ्यांची घागरच हवी होती. बहुतेक सगळे मालक हजर.

१०:०७ ला सीतारामभाऊंच्या फोनवरून वकील हा बैल यादीतून निघाला. 'खात्री आहे का?' या प्रश्नाला एका सेकंदाच्या आत 'हो' आलं. बोट चुकून लागलं असावं.

धोंडिबाआबांचा फोन वाजला. त्यांनी तो तुषारपुढे धरला. "ह्ये काय म्हनतंय, वाच बरं."

तुषारने वाचलं: आपले नाव यादीतून कमी करण्यात आले आहे. सहभागाबद्दल आभार. (मजकूर माझा.) मग त्याने यादी उघडली.

"आबा, तुमी न्हाई."

"कुटं न्हाई?"

"यादीत."

"मंग ह्यो कोन हुबा हाय?"

"ते आमाला दिसतंय ओ. पन यादीत न्हाई."

"आरं, चाळीस वरसं ताट वाढतीया मी!" सावित्रामावशी बायकांच्या बाजूने ओरडल्या. "यादीत न्हाई म्हनं! मंग खाल्लं कुनी?"

सीतारामभाऊ उठले. मुदत काल संपली आहे, असं त्यांनी सांगितलं. तारीख आणि वेळ त्यांना पाठ होती. "आमाला काय आनंद हाय का? पन नियम म्हंजे नियम. यादीत न्हाई त्यानं मंडपाभाईर."

आबा वळले. चपला हातात घेतल्या, बाहेर गेले आणि पिंपळाखाली उभे राहिले.

तेरा सेकंदांनी त्यांच्या मेव्हण्यांचा फोन वाजला. वकीलमध्ये त्यांचा पाव हिस्सा आहे.

इथे मला काय होतंय ते समजलं. मेव्हणे गेले म्हणजे त्यांचा दुसरा बैल जाणार. तो गेला की त्यातले भागीदार. ते गेले की त्यांचे बैल. मी यादी दाखवतानाचे २१७ प्रश्न तीनवर आणले होते, पण काढताना मधला माणूस अजून एकेकालाच उचलत होता. एकाला उचलायचा, संदेश धाडायचा, पोचल्याची पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. एका माणसाला तेरा सेकंद. घाटात गाड्याची एक बारी पळायलाही साधारण तेवढीच लागतात.

थांबवायचा आदेश मी १०:०८ ला दिला. मंडपात दीडशे फोन एका टॉवरवर होते. आदेश सर्व्हरला १०:३५ ला पोचला.

तोवर जे झालं ते मी बसल्या जागेवरून पाहिलं. फोन वाजे, माणूस वाचे, उठे, चपला शोधे, बाहेर जाई. पहिले दहाबारा रागाने गेले. मग बाहेरचे प्रत्येक नव्या येणाऱ्याचं स्वागत करू लागले. "या पाव्हनं! तुमीबी गेला?" "लय उशीर केला ओ." पिंपळाखाली जागा पुरेना. ज्यांचे फोन अजून वाजले नव्हते ते कानकोंडे होऊन फोन मांडीवर उलटे ठेवून बसले. एकाने फोनचा आवाजच बंद केला. त्याला तुषारने यादीत बघून सांगितलं.

एकसष्टावा तुषार. त्याने स्वतःचं नाव शोधलं, दोनदा वर-खाली केलं, यादीचा फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला.

चौऱ्याण्णवावे सीतारामभाऊ. तुषारच्या चुलत्याबरोबर एका बैलात त्यांचा आठवा भाग आहे. फोन वाजल्यावर त्यांनी तो वाचला नाही. बाहेरचे सगळे आत बघू लागले.

"मशीन बिगाडलंया," भाऊ म्हणाले.

"चेअरमन," पिंपळाखालून धोंडिबाआबांचा आवाज आला. "नियम म्हंजे नियम. या, हितं सावली हाय."

भाऊ गेले.

१०:३३ ला एकशे अठरावा मालक निघाला आणि साखळी संपली. मी मालक नसल्याने मला नियम लागू नव्हता. माझ्याशिवाय मंडपात एक गृहस्थ उरले. लोणावळ्यात बंगला असलेले साहेब. फेब्रुवारीत हौसेने बैल घेतला, कोणाला भागी दिली नाही, कोणाच्या बैलात भाग घेतला नाही. यादीत ते एकटे होते. त्यांनी विचारलं, सुरू झालं का? मी सांगितलं, एका अर्थी संपलं आहे.

"मग मी जिंकलो का?"

सध्याच्या माहितीनुसार, हो.

६ एप्रिल, रविवार

शुक्रवार रात्रीची पूर्ण प्रत माझ्याकडे आहे. ती परत बसवली की सगळे परत येतात. यादी उद्या बारापर्यंत पोलिसांकडे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायची आहे, नाहीतर शर्यतीची परवानगी नाही. गावात सगळ्यांना निरोप पाठवला: काळजी नको.

अकराला सीतारामभाऊ घरी आले. अब्बा अंगणात घोड्याला नाल ठोकत होते, दातांत खिळे धरून.

"म्याडम, समदे परत आना," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "बैलं आना, मालक आना. येक वकील आन् त्येचा म्हातारा तेवडा ऱ्हाऊ द्या."

"का?"

"सोळा वरसांचा बैल. घाटात पडला बिडला तर?"

"डॉक्टरांचा दाखला आहे."

भाऊंनी घोड्याकडे पाहिलं. "मागल्या साली अकरा पॉइंटनं हारलो. ठीक हाय, हारतो मानूस. पन ह्यो सालभर सांगतोय ओ. लग्नात सांगतोय, दहाव्याला सांगतोय. माज्या जावयाच्या मांडवात माइक घेऊन सांगितलं." मग म्हणाले, "बाकी त्या अकरा गावांचं मीच बोलनार हाय. तुमाला म्हाईत हाय."

त्यामुळे कालची घटना चुकून झाली, असं मला आता म्हणता येत नाही. काल तसं लिहिलं आहे. ते खोडत नाही, कारण काल मला तसंच वाटलं होतं.

बघून सांगते, एवढंच म्हटलं. भाऊ गेल्यावर अब्बांनी तोंडातले खिळे काढले आणि पुन्हा तोंडात ठेवले.

७ एप्रिल, सोमवार

पहाटे प्रतीवर चाचणी घेतली. सगळे परत आणले, वकील आणि धोंडिबाआबा वगळून. ओआरएम अडला. मेव्हण्यांचा पाव हिस्सा कशातला, ते त्याला सापडेना. मेव्हणे उभे राहिनात, म्हणून त्यांचे भागीदारही नाहीत. एक म्हातारा काढला तर तो बाकी एकशे सतरांपैकी एकालाही उभं करायला तयार नव्हता.

मग मधल्या माणसाला बाजूला ठेवून डेटाबेसशी थेट त्याच्या भाषेत बोलले. दोन ओळी. मेव्हण्यांचा तो हिस्सा वगळ, बाकी सगळं बसव. चार सेकंदांत झालं. यादी स्वच्छ, एकही चूक नाही. म्हणजे हे शक्य आहे.

९:४० ला मंडपात गेले. भाऊ एकटेच होते. मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे लाल अक्षरांतला तो नकार ठेवला. पहिल्या चाचणीचा.

"सिस्टीम घेत नाही," मी म्हटलं.

इंग्रजी वाचता येत नाही, तरी भाऊंनी ओळीवरून बोट फिरवलं. "कायच मार्ग न्हाई?"

"सिस्टीम घेत नाही."

"तुमी न्हाई म्हनला असता, तर हातापाया पडलो असतो," भाऊ म्हणाले. "पाव्हन्यांकडनं शबुद टाकला असता. ह्याला काय म्हनायचं?"

त्यांनी उसासा टाकला. मग पूर्ण यादी, वकीलसकट, स्वतःच्या मोटारसायकलवरून पोलिसांत नेऊन दिली. बाराला दहा मिनिटं होती.

ओआरएमच्या फायद्यांत हे धरायचं का, याचा विचार केला. कोणत्याही पुस्तकात हा फायदा दिलेला नाही. मी दिलेलं उत्तर ओआरएमपुरतं खरं आहे. माझ्यापुरतं नाही. असं उत्तर मी यापूर्वी कामात कधी दिलेलं नाही. का दिलं ते इथे लिहायचं होतं, पण नेमकं लिहिता येईना, म्हणून राहू देते.

त्या दोन ओळी पुसून टाकल्या.

१३ एप्रिल, रविवार

शर्यत झाली. यादी दिवसभर नीट चालली. मालकांना काढणारी साखळी मंगळवारीच तोडली आहे. आता बैल काढला तर फक्त बैल जातो.

वकीलची बारी चौदावी: १३.८६ सेकंद. सीतारामभाऊंच्या गाड्याची एकोणिसावी: १३.०२. दोघांनाही बक्षीस नाही. पण निवेदकाने आकडे वाचताच भाऊंनी त्याच्या हातातून माइक घेतला. "चवऱ्याऐंशी पॉइंट! ऐका मंडळी, चवऱ्याऐंशी!" जावई खाली उभे होते, त्यांना वर बोलावून पुन्हा सांगितलं. परवानगीची वेळ संपेपर्यंत माइक त्यांच्याचकडे होता. नंतर मला येऊन म्हणाले, ते अकरा गावांचं उद्याच बोलतो. आणि मग, लॅपटॉपच्या झाकणावर थोपटत, "बरं झालं ह्यानं आयकलं न्हाई माजं."

धोंडिबाआबा घाटाच्या खाली वकीलच्या अंगाला भंडारा चोळत होते. बैल धापा टाकत होता, पण उभा होता. सावित्रामावशी त्याला पाणी पाजत होत्या आणि वरून येणारा भाऊंचा आवाज ऐकून शिव्या देत होत्या.

मी म्हटलं, "आबा, वाईट वाटलं."

"कशाचं?" आबा खरोखर चकित झाले. "आगं, हारलो की! समद्या मावळादेकत हारलो. यादीत नसतो, तर हारता आलं असतं का?"

मी विचार केला. म्हटलं, नाही.